न बोललेली बोली

धुळ्याहून जळगावला परत येताना पारोळ्यापर्यंत काका एक शब्दही बोलले नाहीत. गाडीत आम्ही चौघं होतो. मागचे दोघं नेहमीप्रमाणे एकेका डावाची चिरफाड करत होते, मी गाडी चालवत होतो आणि काका खिडकीबाहेरच्या अंधारात बघत होते.

सामना अगदी घरगुती होता. धुळ्याचे चार, जळगावचे चार. ना चषक, ना बक्षीस. हरणाऱ्या गावानं पुढच्या खेपेला भरीत-पुरीचं जेवण घालायचं, एवढंच. काका म्हणजे सख्खे कुणी नव्हेत. भुसावळला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले, माझे ब्रिजमधले भिडू. आम्ही सात आयएमपीनं हरलो आणि त्यातले दहा एका डावात गेले होते. तो डाव मी घालवला होता. पत्ता चुकीचा खेळून नव्हे. ‘पास’ म्हणून.

त्या एका पासाबद्दल हा लेख आहे. आणि ब्रिजबद्दल जे लिहिलं जातं, कथा-कादंबऱ्यांत असो वा शिकवणाऱ्या पुस्तकांत, त्यात हा पास नेमका का निसटतो, याबद्दलही.

ब्रिज न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात. चौघं, समोरासमोरचे दोघं भिडू, प्रत्येकी तेरा पानं. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला पुढचा भाग परका नाही: हुकूम असतो, हात करायचे असतात. फरक हा की खेळ सुरू होण्याआधी लिलाव होतो. ‘चार इस्पिक’ म्हणजे इस्पिक हुकूम धरून सहा अधिक चार, असे दहा हात आम्ही करू. ‘एक किलवर’पासून ‘सात बिनहुकमी’पर्यंत पस्तीस बोली, त्यांच्या जोडीला पास, डबल आणि रिडबल. एकूण अडतीस. समोरच्या भिडूला आपल्या तेरा पानांबद्दल सांगायला एवढाच शब्दकोश.

या शब्दकोशाला वजन आलं ते १९२५ साली. तोवर ऑक्शन ब्रिज चालायचा. त्यात कमी बोलून जास्त हात केले तरी ते गेमसाठी धरले जायचे. पनामा कालव्यातून जाणाऱ्या ‘फिनलंड’ नावाच्या जहाजावर हॅरोल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकानं गुणांची नवी पद्धत बसवली: गेमसाठी धरायचं ते फक्त बोललेलं. बारा हात केले, पण बोली दहाचीच होती, तर स्लॅमचं बक्षीस नाही. तेव्हापासून ब्रिज हा पानं खेळण्याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, बोलण्याचा खेळ झाला.

आता आमचा डाव. आम्ही व्हल्नरेबल होतो, धुळेकर नव्हते. म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही आम्हाला जास्त. काकांकडे इस्पिकचा एक्का, राणी, गुलाम, सत्ती, पंजी. बदामची एकटी अठ्ठी. चौकटचा राजा, राणी, पंजी, दुर्री. किलवरचा राजा, सत्ती, दुर्री. माझ्याकडे इस्पिकचा राजा, नव्वी, छक्की, दुर्री. बदामची सत्ती, पंजी, तिर्री. चौकटचा एक्का, अठ्ठी, चौवी. किलवरचा एक्का, राणी, पंजी.

काका बोलले ‘एक इस्पिक’. त्यांच्या डावीकडचे ‘दोन बदाम’. मी ‘तीन बदाम’ म्हणालो. समोरच्यांचाच रंग बोलायचा. आमच्या ठरावानुसार याचा अर्थ, इस्पिकला साथ आहे आणि गेमपर्यंत जायचंच आहे. माझ्या डावीकडून ‘चार बदाम’. काका ‘चार इस्पिक’. पुढचे दोघं पास. मग माझ्या डावीकडचे धुळेकर ‘पाच बदाम’ बोलले. काकांनी हिरवं कार्ड काढून टेबलावर ठेवलं: पास. त्यांच्या डावीकडचे पास. आता मी.

मीही हिरवं कार्ड ठेवलं. लिलाव संपला. धुळेकरांचे पाच बदाम चार हातांनी बुडाले, पण डबल केलेले नसल्यामुळे आम्हाला मिळाले फक्त २००. मी डबल म्हणालो असतो तर ८०० मिळाले असते. सहा इस्पिक बोललो असतो तर तेही झाले असते, कारण बदामचा एक हात सोडला तर बाकीचे बाराही आमचे होते: १४३०. दुसऱ्या टेबलावर ह्याच पानांवर धुळेकर पाच इस्पिकला थांबले आणि बारा हात करून ६८० घेऊन गेले. हिशेब मांडला तर डबल केल्यास आम्ही तीन आयएमपी कमावणार होतो, स्लॅम बोलल्यास तेरा. काकांच्या पासानं माझ्यासमोर हे दोन पर्याय ठेवले होते. मी तिसराच शोधून काढला आणि दहा घालवले.

काकांचा तो पास ‘फोर्सिंग पास’ होता. बहुतेक वेळा पास म्हणजे ‘माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही’. पण हा डाव आमचा आहे, हे आमच्या आधीच्या बोलींनी उघडपणे सांगून झालेलं असतं आणि समोरचे फक्त आमचा गेम हिसकावण्यासाठी वर चढलेले असतात, तेव्हा त्यांना डबल न करता सोडणं हा पर्यायच उरत नाही. मग तीन गोष्टी राहतात. थेट डबल: ‘माझी पानं वर जाण्याजोगी नाहीत, यांना इथेच बुडवू.’ थेट पाच इस्पिक: ‘मला वर जायचंच आहे.’ आणि पास: ‘माझी पानं दोन्हीकडे बघतात. तुझ्याकडे काय आहे ते बघून तू ठरव.’ बऱ्याच जोड्यांत चौथी छटाही असते. आधी पास करायचा आणि भिडूनं डबल केल्यावर ते मोडून पाच इस्पिक बोलायचं; थेट पाच इस्पिक बोलण्यापेक्षा हे जोरदार, स्लॅमकडे बोट दाखवणारं.

माझ्याकडे बदामची तीन फालतू पानं होती. लोभस दिसत नाहीत, पण इथे तीच सोन्याची. काका पास म्हणतात म्हणजे त्यांच्याकडे बदाम जेमतेम एखादं. तेव्हा आमच्या अठ्ठावीस गुणांपैकी एकही बदाममध्ये वाया गेलेला नाही. पास नीट ऐकला असता तर एवढं कळायला मिनिटही लागलं नसतं.

हे सगळं मला पाठ होतं. मग मी पास का केला? त्याचं उत्तर पारोळ्यानंतर मिळालं. तिथे पोचण्याआधी जरा पुस्तकांकडे वळतो, कारण ब्रिज म्हणजे काय, याची माझी समजूत टेबलाआधी पुस्तकांनी घडवली होती.

कथा-कादंबऱ्यांत ब्रिज येतो तेव्हा तो जवळजवळ नेहमी एकट्या माणसाचा खेळ असतो. इयन फ्लेमिंगच्या ‘मूनरेकर’मध्ये (१९५५) जेम्स बॉन्ड लंडनच्या एका क्लबात ह्यूगो ड्रॅक्सला ब्रिजमध्ये नागवतो. ड्रॅक्स चकचकीत सिगारेट-केसमध्ये पानांचं प्रतिबिंब बघून लबाडी करत असतो. बॉन्ड आधीपासून लावून ठेवलेला जोड टेबलावर आणतो, सात किलवर बोलतो, ड्रॅक्स डबल करतो, बॉन्ड रिडबल. प्रसंग थरारक आहे, हे मान्यच. पण त्यात ब्रिज किती? बॉन्डचा भिडू म्हणजे त्याचा वरिष्ठ, एम. त्या निर्णायक डावात एमला जवळपास काही करायचंच नसतं. बॉन्डला त्याच्याकडून काही कळून घ्यायचं नाही, त्याला काही सांगायचंही नाही. पानं आधीच ठरलेली, म्हणून बोलीत संवाद नाही. आहे तो सापळा. टेबलाभोवती चार खुर्च्या असल्या तरी खेळ दोघांचाच, आणि ते दोघं भिडू नव्हेत.

अगाथा ख्रिस्तीचं ‘कार्ड्स ऑन द टेबल’ (१९३६) यापेक्षा पुष्कळ खोलात जातं. चौघं ब्रिज खेळत असताना त्याच खोलीत यजमानाचा खून होतो, खुनी चौघांपैकीच एक. पॉयरो गुणांचे कागद मागवतो आणि त्यावरून प्रत्येकाचा स्वभाव वाचतो: कोण फुगवून बोलतो, कोण नेमकं बोलतो, कोण घाबरून. गुणपत्रक पुराव्यासारखं वाचण्याची ही कल्पना मला आजही ब्रिजबद्दलच्या कथालेखनातली सर्वांत बुद्धिमान वाटते. तरीही तिची मर्यादा त्याच कल्पनेत आहे. ख्रिस्तीच्या दृष्टीनं बोली म्हणजे बोलणाऱ्याचा आरसा. ‘चार इस्पिक’ कोण म्हणालं, यावरून तो माणूस कसा, हे ठरतं. पण बोली ही स्वभावाची स्वाक्षरी नसते; ती समोरच्याला उद्देशून केलेलं विधान असते. एखाद्याचं पत्र वाचताना पत्र कुणाला लिहिलंय हेच झाकून ठेवावं, तसं पॉयरोचं वाचन आहे. आणि गुणपत्रकावर पास नोंदलाच जात नाही. पॉयरो कितीही हुशार असला तरी काकांचा पास त्या कागदावर त्याला दिसणार नाही.

फोर्सिंग पासात नायक नाही, म्हणून कथाकाराला तो नको असतो. ज्याच्याकडे उत्तम पानं आहेत तोच निर्णय सोडून देतो आणि तुलनेनं साध्या पानांच्या माणसाकडे सोपवतो. यात धाडस दिसत नाही. खरं तर भिडूवर भिस्त ठेवण्याचं धाडस एवढं उघडपणे ब्रिजमध्ये फारसं दुसरीकडे दिसत नाही.

शिकवणारी पुस्तकं वेगळी चूक करतात. त्यांना यादी लागते. ‘आपण गेम बोललो आणि समोरचे वर चढले, की पास फोर्सिंग’ असा नियम अनेकांनी घोकलेला असतो, आणि तो चुकीचा आहे. काका ‘एक इस्पिक’ बोलले आणि माझ्याकडे इस्पिकची पाच पानं पण बाकी सगळी रद्दी असती, तर मीही थेट ‘चार इस्पिक’ बोललो असतो: समोरच्यांची वाट अडवायला, हात करण्याच्या खात्रीनं नव्हे. त्यावर त्यांनी पाच बदाम बोलले तर आमचा पास फोर्सिंग का असावा? कदाचित डाव त्यांचाच असेल आणि पाच बदाम होतीलही. गेम बोलला, ही घटना महत्त्वाची नाही. तो कोणत्या वाटेनं बोलला, ती वाट महत्त्वाची. विचारायचा प्रश्न एकच: हा डाव आमचा आहे, हे आमच्या आधीच्या बोलींनी चारचौघांत सांगून झालंय का? माझ्या ‘तीन बदाम’नं ते सांगितलं होतं. म्हणून तो पास फोर्सिंग. यादी पाठ करणाऱ्याला हे वाक्य सापडत नाही. तो आपला शेवटची बोली बघत बसतो.

‘चारचौघांत’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. भिडूंमधला कोणताही संकेत समोरच्या जोडीला माहीत असला पाहिजे, विचारल्यावर सांगितला पाहिजे, असा ब्रिजचा कायदा आहे. पोलंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडकडच्या काही खेळाडूंनी एकेकाळी पासाला आणखी पुढे नेलं: सुरुवातीचाच पास जोरदार पानांचा आणि क्षुल्लक पानांवर मात्र एखादी बोली. अशा पद्धतींवर जागतिक संघटनेनं कडक निर्बंध घातले. त्या अप्रामाणिक होत्या म्हणून नाही. समोरच्याला त्यांची तयारी करणं अवघड जातं म्हणून. म्हणजे ब्रिजमध्ये भाषा कितीही गुंतागुंतीची चालेल, पण ती खासगी असता कामा नये.

आपल्या घरच्या पत्त्यांची रीत याच्या अगदी उलट. खानदेशातल्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या ज्यांनी ओट्यावर मेंढीकोट खेळण्यात घालवल्या, त्यांना सांगायला नको. हुकमाचं पान असेल तर खाकरायचं, दश्शी असेल तर नाकाला हात लावायचा, भिडूनं डोळा मारला की समजायचं. पकडलं गेलं तर आरडाओरडा, नाही पकडलं तर हुशारी. त्यात कुणाचं काही बिघडत नाही, तो त्या खेळाचा मसालाच आहे. पण ती सवय घेऊन आपण ब्रिजच्या टेबलावर येतो, आणि तिथे ती नाकाला हात लावण्याच्या रूपात राहत नाही. ती वेळात शिरते.

एखादा खेळाडू पास म्हणण्याआधी आठ-दहा सेकंद थांबतो. बिडिंग बॉक्स आल्यामुळे आवाजाचा चढउतार गेला, १९७५पासून मोठ्या स्पर्धांत भिडूंच्या मध्ये पडदाही आला, पण घरगुती टेबलावर हे थांबणं भिडूला दिसतंच. कायद्याची कलमं १६ आणि ७३ सांगतात, की भिडूच्या थांबण्यातून कळलेल्या गोष्टीचा फायदा घ्यायचा नाही. दुसरा वाजवी पर्याय असेल तर थांबण्यानं सुचवलेला पर्याय निवडायचा नाही. थांबणं हा गुन्हा नाही, ते ऐकून वागणं गुन्हा आहे. आता ज्या जोडीनं आपला पास कधी फोर्सिंग आणि कधी नाही हे ठरवलेलंच नाही, तिचं काय होतं बघा. झटकन केलेला पास म्हणजे ‘सोडून दे’ आणि रेंगाळत केलेला पास म्हणजे ‘काहीतरी कर’. त्यांनी फोर्सिंग पास शोधूनच काढला, फक्त घड्याळाच्या काट्यावर. तोही समोरच्यांना न सांगता. यातल्या बहुतेकांना आपण लबाडी करतो आहोत याची कल्पनाही नसते.

लबाडी म्हटलं की आपल्याला १९६५चं ब्यूनोस आयरेस आठवतं. ब्रिटनच्या टेरेन्स रीस आणि बोरिस शापिरो यांच्यावर आरोप झाला, की पानं धरलेल्या बोटांच्या संख्येतून ते एकमेकांना बदामची पानं किती ते सांगतात. जागतिक संघटनेनं दोषी ठरवलं, ब्रिटनमधल्या चौकशीनं पुढच्या वर्षी निर्दोष. रीसनं १९६६ साली आपल्या बाजूचं पुस्तक लिहिलं, आरोप करणाऱ्यांपैकी अ‍ॅलन ट्रस्कॉटनं १९६९ साली आपलं. ही दोन पुस्तकं शेजारीशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. डाव तेच, बोली त्याच, आणि निष्कर्ष विरुद्ध. एक म्हणतो, हा पास बोटं मोजल्याशिवाय सुचणारच नाही. दुसरा म्हणतो, असा पास कोणीही केला असता. एका पासामागे नेमकं काय होतं, हे बाहेरून सिद्ध करणं किती कठीण, ते तिथे कळतं. पण या गाजलेल्या प्रकरणांचा एक तोटा झाला. लबाडी म्हणजे बोटं, लबाडी म्हणजे कट, अशी आपली समजूत झाली. आपण कट केलेला नाही, म्हणून आपण स्वच्छ. मीही असंच समजत होतो.

ब्रिजची बाजू मांडताना आपण एकच युक्तिवाद करतो: हा नशिबाचा नव्हे, बुद्धीचा खेळ. पत्ते कुटणाऱ्यांना घरी बोलणी खावी लागतात, म्हणून हे पाठच असतं. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानं रमीला प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ ठरवलं, त्या निकालातही तुलनेला ब्रिज आहे. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदा आला आणि पश्चिम बंगालच्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी, एक साठीचा आणि एक छपन्नचा, पुरुष जोडीत सुवर्ण मिळवलं, तेव्हाही आपण हेच म्हणालो. खोटं नाही ते. पण अपुरं आहे. बुद्धी तर बुद्धिबळातही लागते. ब्रिजमध्ये त्याखेरीज दिलेला शब्द लागतो: ठरलंय तेवढंच बोलायचं, आणि बोललं गेलंय तेवढंच ऐकायचं. दुसरा भाग जास्त अवघड.

पारोळा मागे पडलं आणि काका बोलले.

“त्या पाच बदामवर तू पास काऊन म्हणला?”

मी म्हणालो, “काका, खरं सांगू? तुम्ही नेहमी अशा वेळी थांबता. आज लगेच पास ठेवला. मला वाटलं, तुमच्याकडे काहीच नाही.”

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “म्हंजे इतके दिवस तू माह्यी बोली ऐकतच नव्हता, भो. तू मले पाहत व्हता.”

मग त्यांनी सांगितलं. महिनाभरापासून ते प्रत्येक पास सारख्याच गतीनं ठेवायचा सराव करत होते. आपण रेंगाळतो आणि भिडू त्यावरून बरोबर बोलतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मला म्हणाले नव्हते, कारण म्हटलं तर मी चोर ठरणार. त्यांनी आपल्या बाजूनं दार लावून घेतलं, एवढंच. आणि दार लागल्याबरोबर माझं ब्रिज संपलं. वर्षभर मी ज्याला आमची छान जमलेली जोडी समजत होतो, त्यातला बराचसा भाग त्यांच्या थांबण्याचा होता. आम्ही जिंकलेल्या किती डावांचं जेवण धुळेकर आम्हाला देणं लागत नव्हते, याचा हिशेब मी लावलेला नाही. लावता येणारही नाही.

फ्लेमिंगचा ड्रॅक्स मला पूर्वी जसा वाटायचा तसा आता वाटत नाही. त्याला निदान माहीत होतं, की आपण सिगारेट-केसमध्ये बघतो आहोत.

जळगावला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही एक वही केली. पहिल्या पानावर काकांच्या अक्षरात आमचा पास कधी फोर्सिंग, त्याच्या चार ओळी आहेत: आपल्यापैकी एकानं गेमची सक्ती केली असेल तर, दोघांनी मिळून गेमची ताकद दाखवली असेल तर, समोरच्यांना डबल करून आपण डाव आपला म्हटला असेल तर, आणि वाट अडवायला उडी मारली असेल तर कधीच नाही. खाली माझ्या अक्षरात एक ओळ आहे, की शंका आली तर पास फोर्सिंग नाही असं धरायचं आणि पुढचा डाव वाटायचा. काकांनी ती वाचून मान हलवली.

पुढच्या सामन्यात धुळेकर जळगावला आले तेव्हा खेळ सुरू होण्याआधी काकांनी ती वही त्यांच्यासमोर उघडी ठेवली. भरीत-पुरी आमच्याकडूनच होती.